विकसनशील देशात घर थाटताना: पाणी, वीज, ताप आणि कागदपत्रं

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त दोन-तीन वर्षांसाठी एखाद्या विकसनशील देशातल्या मोठ्या शहरात राहायला जायचं आहे. जोडीदार आणि शाळकरी मूल सोबत आहे. निघण्याआधी काय करावं आणि पोहोचल्यावर आधी कशाकडे लक्ष द्यावं?

'विकसनशील' या एका शब्दाखाली फार निरनिराळी ठिकाणं येतात. बोलिव्हियातलं ला पाझ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे, तिथे पहिला आठवडा उंचीशी झगडण्यात जातो. नायजेरियातल्या लागोसमध्ये मलेरिया, रस्ते आणि वीज यांचा विचार आधी करावा लागतो, तर ढाक्यात तुंबणारं पाणी आणि डेंगीचा. तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी आढळते. पाणी शुद्ध करणं, वीज टिकवणं, जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणं ही कामं इतर ठिकाणी नगरपालिका किंवा सरकार करतं. इथे ती बऱ्याच अंशी घराच्या अंगावर येतात. प्रत्येक गोष्टीची दुसरी सोय आधीच लावून ठेवणारी कुटुंबं तिथे मजेत राहतात. जी 'गेल्यावर बघू' म्हणतात, ती सहा महिन्यांत थकतात.

निघण्याआधीचे कागद

पासपोर्टची मुदत किमान तीन वर्षं शिल्लक नसेल तर जाण्याआधीच नवा करून घ्या. प्रवेशासाठी बहुतेक देशांना सहा महिने पुरतात, पण निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सहसा मिळत नाही. शिवाय तिथे राहून पासपोर्ट बदलला की परवाना नव्या पासपोर्टवर घेण्याचा व्याप वेगळा.

पदवी, विवाह नोंदणी, मुलाचा जन्मदाखला आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला हे चार कागद जवळपास सगळीकडे मागतात. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर अपोस्टिलवर, म्हणजे कागद खरा असल्याच्या एकाच सरकारी शिक्क्यावर, काम भागतं. नसतील तर आधी आपलं परराष्ट्र खातं आणि मग त्या देशाचा दूतावास, अशी शिक्क्यांची साखळी पूर्ण करावी लागते आणि त्यात काही आठवडे जातात. चारित्र्य दाखला मात्र फार आधी काढू नका, तो बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. परवाना अडकण्याचं ते सर्वांत फुटकळ आणि सर्वांत नेहमीचं कारण आहे.

पर्यटक व्हिसावर जाऊन काम सुरू करा, परवाना मागून होईल, असं मालक किंवा एजंट सांगत असेल तर ठाम नकार द्या. पकडलं गेल्यास दंड आणि हकालपट्टी तुमच्या नावावर लागते, एजंटच्या नाही. दुसरी गोष्ट लेखी विचारून घ्या: जोडीदाराला काम करण्याचा हक्क आहे का? अवलंबितांच्या परवान्यावर तो बहुतेक देशांत नसतो. करिअर सोडून आलेल्या जोडीदाराला हे तिथे पोहोचल्यावर कळलं, तर सगळं घर अस्वस्थ होतं आणि मुदतीआधी परतण्याची वेळ येते. दूरस्थ काम, शिक्षण, स्वयंसेवा यांतलं काय कायद्याने चालेल, हे निघण्यापूर्वी ठरलेलं हवं.

नोकरीच्या करारात पगाराच्या आकड्याइतकंच त्याचं चलन महत्त्वाचं. नायजेरियाने जून २०२३ मध्ये आणि इथिओपियाने जुलै २०२४ मध्ये विनिमय दर मोकळा केला, तेव्हा दोन्ही ठिकाणचं चलन झपाट्याने घसरलं. ज्यांचा पूर्ण पगार स्थानिक चलनात होता, त्यांची बचत तेवढीच आटली. घरखर्चापुरता भाग स्थानिक चलनात आणि उरलेला स्थिर चलनात, देशाबाहेरच्या खात्यात, अशी विभागणी मागा. आयकर कोण भरणार, घरभाड्याची आगाऊ रक्कम कोण देणार, शाळेची फी कोणाकडे, दंगल झाली तर कुटुंबाला बाहेर काढण्याचा खर्च कोण करणार, हे सगळं करारातच लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी वर्षभरात बदलून जातो.

घर बघताना

घर दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. संध्याकाळी वस्तीवरचा विजेचा भार सर्वाधिक असतो, तेव्हा दिवे मंद होतात का ते दिसतं, शेजाऱ्यांचे जनरेटर किती जवळ धडधडतात तेही कळतं. शक्य असेल तर मोठा पाऊस पडून गेल्यावर गल्लीत चक्कर मारा. कुंपणाच्या भिंतीवर गुडघाभर उंचीला आडवी तपकिरी रेघ दिसली, तर तिथवर पाणी चढतं. नवा रंग फक्त खालच्या अर्ध्या भिंतीला दिला असेल तरी तोच संशय घ्या.

खिडक्यांना लोखंडी गज बहुतेक ठिकाणी असतातच. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एका खिडकीचे गज आतून किल्लीने उघडता आले पाहिजेत आणि ती किल्ली ठरलेल्या खिळ्यावर, मुलाच्याही हाताला लागेल अशी हवी. चोराला अडवणारा पक्का गज आगीच्या वेळी घरच्यांनाच कोंडतो.

लागोस, घानातलं आक्रा अशा शहरांत वर्षा-दोन वर्षांचं भाडं एकदम मागितलं जातं. इतके पैसे अडकवण्याआधी समोरचा माणूस खरा मालक आहे का, हे जमिनीच्या नोंदीवरून वकिलाकडून तपासून घ्या. पाण्याचा पंप, टाकी, जनरेटर यांची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होईल, हेही भाडेकरारात येऊ द्या.

पाणी

नळाला पाणी दिवसातून काही तास येतं आणि वरच्या मजल्यापर्यंत चढत नाही, असं गृहीत धरा. म्हणून खाली साठवणीची टाकी, तिथून पंप आणि वर दुसरी टाकी, अशी रचना असते. पंप विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की पाणीही जातं. वरच्या टाकीचं माप म्हणूनच महत्त्वाचं. माणशी दिवसाला १२० लिटर धरले तर तिघांना ३६० लिटर लागतात, म्हणजे २,००० लिटरची टाकी काटकसरीने पाच दिवस पुरते. अशी भरलेली टाकी दोन टन वजनाची असते. ती जुन्या छतावर नव्याने चढवायची असेल तर छत तेवढं पेलेल का, हे जाणकाराला विचारल्याशिवाय चढवू नका.

ठरावीक तासच येणाऱ्या पाण्यात एक छुपा धोका असतो. पुरवठा थांबला की नळवाहिनीतला दाब पडतो आणि जिथे वाहिनी फुटकी असेल तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी परत सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं टाकीत न घेता सोडून द्या, किंवा ते झाडांना घाला.

टाकी दर सहा महिन्यांनी धुवा. रिकामी करून ब्रशने घासा आणि तळाचा गाळ काढा. मग पाण्याने भरून दर १,००० लिटरला ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच १ लिटर घाला. क्लोरीनचा वास येईपर्यंत घरातला प्रत्येक नळ सोडा, बंद करा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी सगळं पाणी काढून टाका. हे पाणी पिण्याचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पिण्यासाठी उकळणं ही सर्वांत भरवशाची पद्धत. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या. गॅस संपला तर ५ ते ६ टक्के ब्लीचचे लिटरला दोन थेंब टाका, ढवळा आणि ३० मिनिटं थांबा. शेवटी क्लोरीनचा अगदी हलका वास यायला हवा, नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून १५ मिनिटं थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू मात्र क्लोरीनला दाद देत नाही. सिरॅमिक कँडल जिवाणू अडवते, पण कावीळ करणारे विषाणू तिच्यातून जाऊ शकतात. अतिनील दिव्याचं यंत्र गढूळ पाण्यात कुचकामी ठरतं आणि वीज गेली की बंद पडतं. म्हणून यंत्र असलं तरी उकळण्याची सोय मोडू नका.

इतकं करूनही जुलाब होतात, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे शुद्ध केलेलं पाणी पुन्हा दूषित होणं. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवला की त्यासोबत हातही बुडतो. झाकणाचं, तोटीचं भांडं वापरा. दात घासायला आणि बर्फालाही तेच पाणी घ्या.

बोअरवेलच्या पाण्याचं वेगळं. बांगलादेशात आणि नेपाळच्या तराईत भूजलात आर्सेनिक आढळतं. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण किंचित वाढतं. अशा ठिकाणी प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घेणं याला पर्याय नाही.

वीज

इन्व्हर्टर घेताना दुकानदार क्षमतेचा आकडा सांगतो. तुम्हाला तास हवे असतात, तेव्हा हिशेब स्वतः करा. फ्रिजचा सरासरी भार ६५ वॅट, राउटर १०, चार एलईडी दिवे ३६, दोन साधे पंखे १५० आणि लॅपटॉप ६०, मिळून सुमारे ३२० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मेच वापरायचे, त्यातले साधारण १५ टक्के इन्व्हर्टर खातो. हातात उरतात सुमारे ७६५, म्हणजे जेमतेम अडीच तास. पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर भार २३० वर येतो आणि तीच बॅटरी सव्वातीन तास चालते. पैसे खर्च करायचे तर आधी पंख्यांवर करा.

लेड-ॲसिड बॅटरी वर्षभरातच बसते, ही सार्वत्रिक तक्रार असते आणि दोष सहसा बॅटरीच्या कंपनीचा नसतो. ती पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात. वीज दिवसात चार-पाच तासच असेल तर ती रोज अर्धवट भरते, पत्र्यांवर सल्फेट साठतं आणि क्षमता कायमची घटते. जिथे वीज इतकी कमी वेळ असते तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिची किंमत जास्त असली तरी ८० टक्के क्षमता बिनघोर वापरता येते आणि ती भराभर भरते. छतावर जागा असेल तर सोलर पॅनेल जोडा.

उपकरणं जळतात ती वीज जाताना क्वचितच, येताना जास्त. परत आलेल्या विजेचा दाब पहिली काही मिनिटं वर-खाली होतो. त्याशिवाय बंद पडलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला तर त्यावर ताण येतो. फ्रिजसाठी तीन ते पाच मिनिटं थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर घ्या. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. टेस्टरने प्रत्येक सॉकेट तपासा आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवून घ्या, विशेषतः घरात गीझर असेल तर.

जनरेटर लावणार असाल तर दोन नियम मोडू नका. पहिला, तो बाहेर आणि खिडकीपासून निदान सहा मीटर लांब ठेवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. झोपायच्या खोलीबाहेर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, कारण तुमचा जनरेटर लांब असला तरी शेजाऱ्याचा जवळ असू शकतो. दुसरा, जनरेटर चेंजओव्हर स्विचमधूनच जोडा, म्हणजे एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडलेला राहतो. सॉकेटमधून उलटी वीज सोडण्याचा जुगाड खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेतो.

तब्येत

प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी प्रवास-आरोग्याच्या डॉक्टरांकडे जा. पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. या लशीचं जुनं पिवळं कार्ड असेल तर ते जपून ठेवा. हिपॅटायटिस ए आणि बी, विषमज्वर, धनुर्वात यांसोबत रेबीजची आगाऊ लसही घ्या, मूल असेल तर नक्कीच. ती घेतलेली असली तर कुत्रा चावल्यावर फक्त दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. हे इम्युनोग्लोब्युलिन अनेक शहरांत मिळतच नाही, मुद्दा तोच आहे. जखम मात्र लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायची. मुलं ओरखडा लपवतात. त्यांना आधीच सांगा की सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही.

मलेरियाच्या प्रदेशात ताप आला की मलेरिया समजून त्याच दिवशी रक्त तपासा. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा करा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: काही दवाखान्यांत प्रत्येक तापाला न तपासता मलेरिया किंवा टायफॉइड ठरवून टाकतात आणि खरं कारण राहून जातं. रिपोर्ट हातात मागा. डेंगीची साथ असेल तर तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढतो.

प्रतिबंधक गोळ्यांमध्ये ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची आणि तो भाग सोडल्यावर सात दिवस चालू ठेवायची, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाही तर अन्ननलिकेला इजा होते. आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्याला एकदा असते, पण नैराश्याचा किंवा इतर मानसिक आजाराचा इतिहास असणाऱ्यांनी ती टाळावी. गोळ्या असोत वा नसोत, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हवीच. ती गादीखाली चारही बाजूंनी खोचा आणि झोपण्याआधी आत टॉर्च फिरवा. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, डेंगीचा दिवसा. डास पळवणारं लोशन दोन्ही वेळा लागतं, सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे आफ्रिकेत राहणार असाल तर बाहेर वाळवलेल्या प्रत्येक कपड्याला इस्त्री करा. तिथली टुंबू माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते, अळी त्वचेत शिरते आणि दुखरा फोड येतो. शिवणी, चड्ड्यांचे इलॅस्टिक, बाळाचे दुपटे यांवरून गरम इस्त्री दोन्ही बाजूंनी फिरली पाहिजे. इस्त्री जमणार नसेल तर कपडे घरातच वाळत घाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. नेहमीची औषधं तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि जेनेरिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्या. कोडीन, ट्रामाडॉल आणि झोपेच्या गोळ्यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, दूतावासाकडून आधी खात्री करा. जुलाबासाठी जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. नसली तर १ लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर ते मुलाला घातक ठरतं, तेव्हा अंदाजपंचे करू नका.

सगळ्यात मोठा धोका यांपैकी कशाचाच नाही, तो रस्त्याचा आहे. जगातले ९० टक्क्यांहून अधिक रस्ते अपघाती मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी नेऊ नका: न दिसणारे खड्डे, दिव्यांशिवाय उभे ट्रक, मोकाट जनावरं. मागच्या सीटवर पट्टे नसलेली गाडी भाड्याने घेऊ नका. दुचाकी टॅक्सीत हेल्मेट मिळालं नाही तर बसू नका. रुग्णवाहिका येईल या भरवशावर न राहता कोणता दवाखाना, कोणत्या रस्त्याने, रात्री दार कुठलं, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. आरोग्यविम्यात विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च असावाच. तो बहुतेक वेळा विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीनेच मिळतो, म्हणून तिचा २४ तासांचा नंबर घरातल्या प्रत्येकाकडे आणि ड्रायव्हरकडेही हवा.

पैसे आणि घरकामाची माणसं

केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसानंतर अनेक देशांत मोबाइलवरचे पैसे रोजच्या व्यवहारात रुळले. सिम स्वतःच्या नावावर नोंदवा, दुसऱ्याच्या नावावरचं सिम बंद पडलं तर पैसे अडकतात. जवळ थोडे डॉलर ठेवा, पण नोटा नव्या मालिकेतल्या आणि घडी, शाई, फाटका कोपरा नसलेल्या असू द्या. जुन्या नोटा अनेक ठिकाणी नाकारतात किंवा कमी दर देतात. इंटरनेट बंद होणं ही निवडणुकांच्या काळात नवलाई नाही, तेव्हा दहा दिवसांची रोख स्थानिक चलनात, ऑफलाइन नकाशे आणि महत्त्वाचे नंबर कागदावर असू द्या.

घरकामाला माणसं ठेवणं तुम्हाला परवडेल, आणि ती तुमच्या घरातली सर्वांत जाणती माणसं असतील. त्यांना लेखी करार द्या: कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, ओव्हरटाइम. किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा वर्गणीचे नियम तिथल्या कामगार कार्यालयातून माहीत करून घ्या. पगार ठरल्या तारखेला द्या आणि सही घेऊन नोंद ठेवा. उसनवारी मागितली जाईल, ती मागण्यात गैर काही नाही. तिथे बँक गरिबाला कर्ज देत नाही आणि आजारपण सांगून येत नाही. पगाराच्या किती पट, किती महिन्यांत फेड, हा नियम सगळ्यांसाठी एकच ठेवा. वाईट वागणूक टिकते ती परक्या देशात कोणी विचारणारं नाही या भावनेतून, आणि ती कुठल्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

निघताना

परतीच्या तीन महिने आधी सुरुवात करा. काही देश करचुकती झाल्याचा दाखला असल्याशिवाय जाऊ देत नाहीत. करमुक्त आणलेली गाडी विकताना आयातकर भरावा लागतो किंवा तशीच सवलत असलेल्यालाच ती विकता येते. कामाच्या माणसांचा कायद्याने ठरलेला शेवटचा हिशेब, शिफारसपत्र आणि शक्यतो पुढची नोकरी यांची व्यवस्था तुम्ही विमानात बसण्याआधी झालेली असू द्या.

मलावी किंवा व्हिक्टोरियासारख्या सरोवरात पोहला असाल तर शेवटच्या पोहण्यानंतर दोन-तीन महिन्यांनी बिल्हार्झिया या गोड्या पाण्यातल्या कृमींच्या आजाराची तपासणी करा, लक्षणं नसली तरी. फाल्सिपेरम मलेरिया बहुधा परतल्यावर तीन महिन्यांच्या आत दिसतो, पण व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार यकृतात दडून वर्षभरानेही उठू शकतो. त्या काळात कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात देशाचं नाव सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून मागा.